थर्माकोलच्या डब्यांपुढे थांबणारी व्हीलचेअर: नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना खुलं पत्र

प्रति,
नाशिकमधल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे सगळे प्रोजेक्ट गाइड, एचओडी आणि फायनल इयरची पोरंपोरी

नमस्कार.

कॉलेजांची प्रोजेक्ट एक्झिबिशन सुरू झाली की त्यात एक तरी स्मार्ट व्हीलचेअर असतेच. कुठे आवाजावर चालणारी, कुठे डोक्याला पट्टा लावून मान हलवली की वळणारी, आणि हल्ली ड्रायव्हिंग असिस्टन्सवाली, म्हणजे जॉयस्टिक माणसाच्याच हातात असते पण खुर्चीला लावलेले सेन्सर आजूबाजूला बघत असतात आणि धडकणार असं वाटलं की खुर्ची आपणहून हळू होते, थांबते किंवा थोडी वळून बाजूने जाते. यातली शेवटची मला खरोखर हवीये. मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार) आहे, पॉवर व्हीलचेअर, म्हणजे बॅटरी-मोटरवर चालणारी खुर्ची, वापरते, आणि हातातली ताकद वर्षागणिक कमी होत चाललीये. सकाळी जॉयस्टिक नीट चालते, संध्याकाळी बोटं दमली की सरळ जायचं म्हटलं तरी खुर्ची डावीकडे जाते, आणि जानेवारीत निफाडची थंडी इकडे सरकली की बोटं इतकी आखडतात की घरातल्या घरात दारांच्या चौकटी सोलून निघतात. त्यामुळे हे पत्र टोमणे मारायला नाहीये. तुमची उद्याची गिऱ्हाईक बोलतेय असं समजा.

माझं म्हणणं तुमच्या टेस्टिंगबद्दल आहे. खुर्ची पास झाली हे ठरवतं कोण आणि कुठे?

एका कॉलेजात (नाव घेत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहे) डेमो बघायला गेले होते. टाइल्सचा गुळगुळीत कॉरिडॉर, वर ट्यूबलाइट, समोर थर्माकोलचे डबे मांडलेले आणि खुर्चीत वर्गातलाच एक धडधाकट मुलगा, मांडी घालून बसायचाच काय तो बाकी. त्याने जॉयस्टिक पूर्ण पुढे ढकलली, खुर्ची सुसाट निघाली आणि डब्याच्या थोडं आधी खाडकन थांबली. टाळ्या. परीक्षकांनी ॲक्युरसी विचारली, पोरांनी पर्सेंटेज सांगितलं. मी विचारलं की व्हीलचेअर वापरणाऱ्या कोणी चालवून बघितलीये का, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, मग एक मुलगी खरं बोलली, "मॅडम, आमच्या ओळखीत कोणी नव्हतं." अहो, एवढ्या मोठ्या नाशकात ओळखीत कोणी नाही? सिव्हिलला दिव्यांग सर्टिफिकेटच्या लायनीत तासभर उभे राहा, पुढच्या पाच बॅचना पुरतील इतके लोक भेटतील.

आणि ज्या थांबण्यावर टाळ्या पडल्या ना, त्याच थांबण्याने मी तोंडावर आपटले असते. माझ्या पोटापाठीच्या स्नायूंत दम नाही, खुर्ची झटक्यात थांबली की धड पुढे येतं, मान छातीवर पडते, आणि ती परत वर करायला दुसऱ्याचा हात लागतो. त्या मुलाला हे कळणारच नाही, कारण त्याचं शरीर झटका बसायच्या आधीच सावरतं, त्याला खुर्ची थांबणार हे माहीत असतं, पाय फूटरेस्टवर दाबून धरलेले असतात, आणि अगदीच काही झालं तर तो उठून उभा राहतो. म्हणजे तुमच्या रिपोर्टात जे 'कोलिजन अव्हॉइडेड' (धडक टळली) म्हणून टिकमार्क आहे ते माझ्यासाठी 'पेशंट खुर्चीतून घसरली' असू शकतं. किती अंतरावर थांबली हे तुम्ही मोजता, कशी थांबली हेही मोजा. एक्सेलेरोमीटर (झटका मोजणारा सेन्सर) तर तुमच्या मोबाइलमध्ये पण असतो.

दुसरं असं की हे असिस्टन्स सगळ्यात जास्त कोणाला लागणार आहे? मला लागेलच, पण माझ्याहून जास्त त्यांना ज्यांच्या हातात आज पॉवर व्हीलचेअर कोणी देतच नाही. सेरेब्रल पाल्सीमुळे हात झटके मारतो, स्ट्रोकनंतर डावीकडचं जग डोक्यात नोंदच होत नाही, नजर अधू आहे, अशा लोकांना डॉक्टर आणि घरचे सरळ सांगतात की तुला जमणार नाही, कुणीतरी ढकलेल. २००० साली अमेरिकेत फेअर, लँगबाइन आणि स्कार यांनी २०० क्लिनिशियन्सना (पेशंट तपासणाऱ्या डॉक्टर-थेरपिस्टना) विचारून एक सर्व्हे केला होता, त्यात असं आलं की पॉवर व्हीलचेअरचं ट्रेनिंग घेणाऱ्यांपैकी साधारण ९ ते १० टक्के लोकांना रोजच्या कामासाठी ती चालवणं फार अवघड किंवा अशक्यच जातं, आणि ज्यांना अजिबात जमत नाही त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना आपोआप वाट काढणाऱ्या सिस्टिमचा उपयोग होईल असं त्या क्लिनिशियन्सचं मत होतं. ही माणसं तुमच्या टेस्टिंगमध्ये कुठेच नाहीत. धडधाकट हाताने चालवलेल्या खुर्चीला असिस्टन्स लागतच नाही, मग त्याने मदत झाली की नाही हे कळणार कसं?

आता थोडं तुमच्या भाषेत बोलते, कारण घरात बसून वाचायला वेळ भरपूर असतो. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये आर्डुइनो (छोटा कंट्रोल बोर्ड) आणि एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर असतो, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा. स्वस्त आहे, २ सेंमी ते ४ मीटर रेंज आहे, शिकायला मस्त आहे. पण त्याच्या डेटाशीटमध्येच दोन मापांच्या मध्ये ६० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ सोडा असं सुचवलंय, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी पुढच्या मापात घुसतो. आता खुर्चीभोवती आठ सेन्सर लावले आणि एकमेकांत गोंधळ नको म्हणून एकामागून एक फायर केले तर एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास अर्धा सेकंद. ताशी ६ किमीने चाललेली खुर्ची तेवढ्यात ८० सेंमी पुढे गेलेली असते! आणि हे फक्त बघण्यात, ब्रेक लागायचा अजून बाकीच. कॉरिडॉरमध्ये हे लक्षात येत नाही कारण थर्माकोलचा डबा जागेवरून हलत नाही. कॉलेज रोडवर स्कूटी काढणारा मुलगा, दुकानातून उलट्या पावली बाहेर येणाऱ्या काकू आणि झोपेतून उठलेलं कुत्रं, हे सगळे हलतात.

शिवाय डबा सपाट असतो आणि समोर असतो. अल्ट्रासोनिकचा आवाज तिरक्या भिंतीवरून भलतीकडेच निघून जातो आणि साडी, पडदा, शाल असल्या मऊ कपड्यात बराचसा जिरतो, म्हणजे सेन्सरला भिंतीपेक्षा माझी आई दिसायची शक्यता कमी. इन्फ्रारेडवाले लावले तर एप्रिलच्या दुपारच्या उन्हात त्यांना स्वतःचाच उजेड सापडत नाही. लायडार (लेझरचा किरण फिरवून अंतर मोजणारा सेन्सर) लावला तर तो दुकानांच्या काचेतून आरपार बघतो, आणि एकाच पातळीवर फिरणारा असेल तर टेबलाचे पाय दिसतात पण टेबलाची कड, जी नेमकी माझ्या गुडघ्याला लागणार आहे, ती नाही दिसत. यातलं काही नवीन नाही, तुमच्या पुस्तकांत असेल. पण ज्या टेस्टमध्ये ऊन, काच, साडी आणि टेबल यापैकी काहीच नाही ती टेस्ट पास होणारच की.

उताराचं गणित तर फारच मजेशीर आहे. सरकारी गाइडलाइनप्रमाणे रॅम्पचा उतार १:१२ पाहिजे. तुमचा लायडार जमिनीपासून २० सेंमीवर आडवा बसवलाय असं धरा, तर समोरून येताना त्याला तो रॅम्प जिथे सुरू होतो तिथून २४० सेंमी पुढे एक भिंत उभी आहे असं दिसणार, कारण चढत गेलेला रॅम्प तिथे त्याच्या किरणाच्या उंचीला येतो. जी सोय मुद्दाम माझ्यासाठी बांधलीये तिथेच माझी स्मार्ट खुर्ची जागेवर अडून बसणार! आणि १:१२ हे कागदावर झालं, बंगल्याच्या गेटसमोर स्कूटर चढवायला जो सिमेंटचा थापा मारलेला असतो तो १:४ पण असतो, तिथे भिंत ८० सेंमीवरच दिसेल.

चढ सोडा, खड्डा आणि पायरी याहून वाईट. समोर उभी वस्तू असेल तर तिच्यावरून काहीतरी परत येतं, जमीनच संपली तर परत येणार काय? म्हणून खाली बघणारा सेन्सर वेगळा लागतो, आणि तो काळ्या डांबरावर, साचलेल्या पाण्यावर, सावलीत कसा वागतो हे वेगळं तपासावं लागतं. गोदाकाठी एकदा या तुमचं मॉडेल घेऊन. सकाळी घाटाच्या ओल्या काळ्या दगडावर ऊन पडलं की वरची पायरी कुठे संपते आणि खालची कुठे सुरू होते हे चांगल्या डोळ्यांच्या माणसाला पण चटकन कळत नाही. (पहिल्यांदा येताना खुर्चीत वाळूचं पोतं ठेवून या हां, माणूस नको. आणि मागून दोरी धरा.)

आता जे तुम्हाला कुठल्याच पुस्तकात पटकन सापडणार नाही ते सांगते. आम्ही रोज मुद्दाम धडकतो. हो, मुद्दाम. दार उघडायला हात पुढे जात नाही म्हणून मी फूटरेस्टने दार ढकलते. पलंगावर शिफ्ट होताना खुर्ची पलंगाला चिकटूनच लावावी लागते, मध्ये चार बोटं फट राहिली तर माणूस त्या फटीत जातो. जेवताना गुडघे टेबलाखाली गेले नाहीत तर घास सांडतो. लिफ्टमध्ये मागच्या भिंतीला टेकल्याशिवाय दार बंद होत नाही. माझ्या बाथरूमचं दार ७५ सेंमी आहे आणि खुर्ची ६२, म्हणजे अगदी मधोमध गेले तरी दोन्ही बाजूंना साडेसहा सेंमी. तुमची सिस्टिम जर ३० सेंमीच्या आत काही आलं की थांबणार असेल तर मी बाथरूमला जायचं कसं ते पण रिपोर्टात लिहा.

ही अडचण नवीन नाही. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत नव्वदच्या दशकात नॅवचेअर नावाची खुर्ची बनवली होती, अल्ट्रासोनिकवरच चालायची, त्यांचं पण घोडं दारातच अडलं होतं, म्हणून त्यांनी दारातून जायचा मोड वेगळा केला, भिंतीच्या कडेकडेने जायचा वेगळा आणि साधं अडथळे चुकवायचा वेगळा. म्हणजे सुरक्षित अंतर हा एक ठरावीक आकडा नाही हे तीस वर्षांपूर्वी कळलेलं आहे, आणि आपली पोरं अजून कोडमध्ये एकच थ्रेशोल्ड टाकून मोकळी होतात. गाइड लोकांनी जरा बघा ना.

गर्दीचं पण तसंच. रोबोटवाल्यांमध्ये याला फ्रीझिंग रोबोट म्हणतात, गर्दी वाढली की मशीनला प्रत्येक वाट धोक्याची वाटते आणि ते जागच्या जागी गोठतं. बुधवारच्या बाजारात माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर काहीच नाही असा क्षण येत नाही, रविवार कारंजाला तर नाहीच नाही. तिथे न धडकणारी खुर्ची बनवणं एकदम सोपं आहे, ती हललीच नाही पाहिजे. म्हणून फक्त धडका मोजून चालणार नाही, विनाकारण किती वेळा थांबली, मी जॉयस्टिक पुढे धरलेली असताना किती सेकंद नुसती उभी होती, आणि शेवटी वैतागून मी असिस्टन्स बंद केलं का, हे मोजायला पाहिजे. बंद करायचं बटण माझ्या हाताशी पाहिजे हे वेगळं सांगायला नको ना? मी ज्या दोन मॉडेलमध्ये विचारलं तिथे ते लॅपटॉपवर होतं.

अजून एक खास आपल्याकडचं. इथे लोक न विचारता खुर्ची ढकलतात. प्रेमानेच ढकलतात, "चला ताई, मी नेतो" म्हणतात आणि हँडल धरलेलं असतं, कधी कधी दोघं जण दोन बाजूंनी. जॉयस्टिक सोडलेली, खुर्ची मागून लोटली जातेय, समोर सेन्सरला पायरी दिसतेय, अशा वेळी तुमचं सॉफ्टवेअर काय करणार? ब्रेक लावणार, ढकलणाऱ्याच्या जोरापुढे मोटर लावणार, की काहीच नाही? २०२७ च्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत हे हमखास होणार आहे आणि त्या गर्दीत व्हीलचेअरवाले पण असणार आहेत, बाहेरगावचे पण आणि आमच्यासारखे इथलेच पण. हे डेमोत एकदा तरी करून बघा, दोन मित्रांना सांगा मागून ढकला म्हणून, खर्च शून्य.

बाहेर हे कसं करतात ते वाचण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये रेन शहरात इन्सा या इंजिनिअरिंग कॉलेजने अशी असिस्टन्सवाली खुर्ची केली आणि तिची टेस्टिंग तिथल्या सेंट-एलिए नावाच्या रिहॅब सेंटरमध्ये, खऱ्या पॉवर व्हीलचेअर वापरणाऱ्यांना बसवून केली. सोप्यापासून अवघडपर्यंत तीन सर्किट, तोच माणूस एकदा असिस्टन्स चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून, आणि धडका मोजायच्या. अवघड सर्किटवर धडका कमी झाल्या. कॉलेज आणि रिहॅब सेंटर एकत्र आलं म्हणून हे जमलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तर पामेला नावाची लॅबच बांधली होती, खऱ्या फुटपाथच्या लाद्या घातलेला प्लॅटफॉर्म, उतार हवा तसा बदलता येणारा. आपल्याला ती बांधायची गरज नाही, उखडलेल्या लाद्या आणि मन मानेल तसे उतार आपल्याकडे मेन रोडपासून सिडकोपर्यंत फुकट आहेत. आणि रिहॅबचं म्हणाल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशकातच आहे, म्हसरूळला. राज्यभरातली ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची कॉलेजं त्यांच्याकडे आहेत. आपल्या गावातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज त्यांना एक पत्र पाठवू शकत नाही का?

रीतसर करायला सगळं तयार पण आहे. खुर्चीच्या स्टॅबिलिटीला, ब्रेकला, पाऊस-तापमानाला कसं तपासायचं हे आयएसओ ७१७६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वेगवेगळ्या भागांत लिहिलेलं आहे. माणसाला चालवता येते का हे बघायला कॅनडातल्या डलहौसी युनिव्हर्सिटीची व्हीलचेअर स्किल्स टेस्ट आहे. चालवताना डोक्याला किती ताण आला हे विचारायला नासाचा टीएलएक्स फॉर्म आहे, १९८८ पासून वापरात आहे, साधे सहा मुद्दे. हा शेवटचा तर नक्की वापरा, कारण खुर्ची कधी मध्ये पडेल याचा सतत अंदाज घेत चालवायला लागलं तर मी असिस्टन्सशिवाय दमते त्याहून जास्त असिस्टन्सने दमेन, आणि ते धडकांच्या आकड्यात दिसणार नाही.

आणि आम्हाला बोलावणार असाल तर नीट बोलवा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्स आहेत, माणसांवर आरोग्याचा रिसर्च करायचा तर एथिक्स कमिटी लागते, लेखी संमती लागते, आणि मध्येच नको वाटलं तर निघून जायची मुभा लागते. संमतीपत्र मराठीत द्या. येण्याजाण्याचा खर्च द्या, रॅम्पवाली गाडी नसते, दोन माणसं उचलायला लागतात. फोटो विचारून काढा, आणि पेपरला द्यायच्या बातमीत "अपंगत्वावर मात" वगैरे लिहू नका प्लीज. आमची स्वतःची खुर्ची उघडू नका, जॉयस्टिक आणि कंट्रोलरच्या मधली केबल कापून तुमचा बोर्ड घुसवला की वॉरंटी गेली, आणि तो बोर्ड संध्याकाळी बंद पडला तर मी रस्त्यातच बसणार. मॉड्यूल बंद पडलं तरी खुर्ची पहिल्यासारखी साध्या जॉयस्टिकवर चालली पाहिजे, हे जमत नसेल तर बाकीचं कितीही स्मार्ट असू दे, मी बसणार नाही.

गाइड सरांना आणि मॅडमना एवढंच की हे सगळं सेम आठच्या, म्हणजे शेवटच्या सेमिस्टरच्या, शेवटी सुचवून उपयोग नाही, तेव्हा खुर्ची वेल्डिंग होऊन आलेली असते आणि पोरांना सबमिशनचं टेन्शन. सेम सातला सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) मंजूर करतानाच विचारा की वापरणारा माणूस कोण आहे, त्याला किती वेळा भेटणार, आणि तो नाही म्हणाला तर काय बदलणार. रिपोर्टात जिथे खुर्ची फसली त्याचं एक चॅप्टर असू द्या आणि त्याला मार्क कापू नका, उलट द्या. पर्सेंटेज सुंदर यावं म्हणूनच तर पोरं थर्माकोलचे डबे मांडतात.

मी इंदिरानगरला राहते. सिनॉप्सिसच्या आधी दोन-तीन जणांनी यायचं असेल तर या, सेन्सर न आणता या, आधी नुसतं बघा मी दारातून कशी जाते. संध्याकाळी पाचनंतर या, सकाळी नको, सकाळी माझा हात चांगला चालतो आणि तुम्हाला वाटेल हिला काही गरजच नाही. आदल्या दिवशी कळवा फक्त, बॅटरी जुनी झालीये, रात्रभर चार्जिंगला लावावी लागते.

पॉवर व्हीलचेअर वापरणारी एक नाशिककर